अँटवर्पची सायकल, मानपाड्याचा चिखल

"सायकल घेणं म्हणजे भेंडी घेणं नव्हे! टोक मोडून बघितलं आणि पिशवीत टाकली, असं नसतं ते!"

सहदेव तावडे कँटीनमध्ये हातातला बटाटावडा उंचावत असं म्हणाला, तेव्हा टेबलावरच्या चौघांनी एकदम चहाच्या कपात तोंड घातलं. सहदेव मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होता. ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. स्वतःच्या घरात पंखा कुठे लावावा हे त्याला तीन वर्षं ठरवता आलं नव्हतं. पण जगातल्या यच्चयावत वस्तूंबद्दल त्याचं मत मात्र तयार असायचं, गरमागरम, वड्यासारखं!

निमित्त होतं शर्यतीचं. दसऱ्यानंतरच्या रविवारी वसाहतीतल्या कारखान्यांची हौशी सायकल शर्यत ठरली होती. गेटपासून निघायचं, शीळ रोडने डांबरावरून जायचं, मग शेतांतल्या कच्च्या वाटेने वळसा घालून पुन्हा गेटात शिरायचं. डिस्पॅचमधल्या दौलतने नुकतीच बारीक टायरची रेसिंग सायकल घेतली होती आणि तो ती रोज कँटीनच्या खिडकीसमोरच उभी करायचा. मुद्दाम!

"तुझी सायकल डांबरावर हरीण, दौलत. पण शेतात शिरलास की कासव!" सहदेव म्हणाला. "मी अशी सायकल आणणार की रोज कामावर यायला तीच, रेसला तीच, डांबरावर तीच आणि चिखलातही तीच!"

"तावडे, अशी सायकल असते?"

"शोधणाऱ्याला सापडते!"

सहदेव शोधायला निघाला. ठाण्याच्या दुकानदाराने त्याला रेसर दाखवली.

"ही चिखलात चालेल?"

"साहेब, चिखलात जाता कशाला?"

सहदेवने तिथूनच कल्याणची गाडी पकडली. तिथल्या दुकानदाराने काळी, दांडगी, म्हशीच्या वळणाची सायकल पुढे केली. "वर तांदळाचं पोतं टाका, मागे बायको बसवा. काही होत नाही हिला!"

"आणि रेसमध्ये?"

"रेसमध्ये बायकोला उतरवा!"

बायकोचा विषय निघाला म्हणून सांगतो, मंजुळाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सहदेवने तिला सांगितलं नव्हतं आणि त्याला कारणही तसंच होतं. मागच्या दिवाळीत त्याने असंच 'सगळ्याला एकच' म्हणून सोफा-कम-बेड आणला होता. त्यावर बसलं की झोपल्यासारखं वाटायचं आणि झोपलं की बसल्यासारखं! तेव्हाच मंजुळाने बजावलं होतं, "यापुढे दोन कामं करणारी वस्तू घरात आणाल, तर तिसरं काम तुम्हाला करावं लागेल. तिच्यावर तुम्हीच झोपायचं!"

शेवटी सायकल सापडली ती मासळीबाजारात. दिव्याच्या खाडीवरून डोंबिवलीला मासळी घेऊन येणाऱ्या मनुबाईशी सहदेवची ओळख होती. तिचा मुलगा नामा बोटीवर खलाशी होता आणि नुकताच सुट्टीवर आला होता.

"आमच्या नाम्यानी तिकरशी सायकल आनलीय," पापलेटावर पाणी मारत मनुबाई म्हणाली. "डांबरावर चालते, चिखलान चालते. खाडीत घातली तं होडीवानी चालंल, असा म्हनतो. मी तं म्हनते, इकून टाक!"

सहदेव पापलेट तिथेच विसरून दिव्याला गेला.

नामाच्या अंगणात सायकल उभी होती. तिचं हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं होतं. अगदी दौलतच्या रेसरसारखं! टायर मात्र नक्षीदार, दातेरी. अंगाने हलकी, रंगाने निळी. दांड्यावरून आणि शिंगांवरून बोंबील वाळत टाकले होते.

"हे काय रे?" सहदेव कळवळला.

"आयेनी टाकलंन," नामा ओशाळून म्हणाला. "रिकामी दांडी दिसली का तिचा हात थांबत नाय."

नामाची बोट बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात दुरुस्तीसाठी अडकली होती. तिथे रविवारी गावाबाहेर सायकलींची शर्यत व्हायची, चिखलात! बंदरातल्या एका मित्राने नामाला निरोपाची भेट म्हणून आपली जुनी सायकल देऊन टाकली होती.

"तावडेभाऊ, तिकरं काय करतात, वाट हाय तवर चालवतात. चिखल लय झाला, वहाल आला, का उतरतात, सायकल खांद्याव टाकतात आन् पलत सुटतात!"

"सायकल घेऊन पळतात?"

"हां! पार परल्या बाजूला. तिकरं परत बसतात."

"मग सायकल आणतातच कशाला?"

नामाने डोकं खाजवलं. "ता मना बी कललं नाय. पन बगाला हजार मानसा येतात, बाबा! निसती बोंबाबोंब!"

सहदेवचे डोळे चमकले. सायकल चालत नसेल तिथे आपण चालायचं! केवढा सोपा उपाय, आणि तो आख्ख्या ठाणे जिल्ह्यात फक्त आपल्याला ठाऊक!

"शर्यतीपुरती घेऊन जा," नामा म्हणाला. "आवरली तं ठेव. मी बी येतो रविवारी बगाला."

पुढचा आठवडा सहदेवने सराव केला. सायकल कारखान्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली लपवली होती, त्यामुळे घरी उचलायला काहीतरी हवं होतं. तो गादीची वळकटी खांद्यावर टाकून गच्चीवर धावू लागला.

"काय चाललंय?" मंजुळा वाळवण काढायला वर आली होती.

"गादीला ऊन दाखवतोय!"

"ऊन एका जागीही पडतं की! पळवताय कशाला?"

"सगळ्या बाजूंनी लागायला नको?"

मंजुळाने वाळवण गोळा केलं आणि खाली जाऊन त्याच्या चहातली साखर कमी केली. डोक्यात काही गेलं असेल तर उतरावं म्हणून.

रविवार उजाडला. "कारखान्यात शर्यतीच्या खुर्च्या मांडायला मदत हवीय, तू नऊच्या सुमारास ये, घरच्यांना उपमा आहे," असं मंजुळाला सांगून सहदेव पहाटेच निसटला.

गेटसमोर वीस-बावीस सायकली लागल्या होत्या. सहदेवने ताडपत्री बाजूला केली आणि निळी सायकल बाहेर काढली तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या. मग दौलतने नाक वर करून हवा हुंगली.

"तावडे, रेसला आलास की बाजाराला?"

"हस! शेतात भेटू!"

शिट्टी झाली. डांबरावर दौलत खरोखरच हरणासारखा सुटला. सहदेव त्याच्या मागे. हँडल इतकं खाली की त्याला रस्त्याची खडी आणि स्वतःचे गुडघे एवढंच दिसत होतं. एकदा मान वर केली तर समोर बैलगाडी! एकदा केली तर तिचा बैल! पण सायकल पळत होती हे खरं. पायडल मारलं की पुढे, नाही मारलं तरी थोडी पुढेच. काळ्या सायकलीवाले मागे पडले आणि सहदेव चक्क दुसरा!

मग वाट शेतात वळली. चार दिवसांपूर्वी हस्ताचा पाऊस झोडपून गेला होता. वाटेचं नुसतं पिठलं झालं होतं. दौलतचं बारीक चाक त्यात सुरी खरवसात शिरावी तसं शिरलं आणि तिथेच राहिलं. दौलत मात्र थोडा पुढे गेला. तोंडावर!

"टायर बारीक पडला का रे?" म्हणत सहदेव बाजूने निघून गेला. दातेरी टायर चिखल कापत होते, घोरत होते, पण थांबत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच सहदेवचा एखादा सल्ला खरा ठरत होता आणि तोही स्वतःलाच दिलेला! त्याला भरून आलं.

पुढे वहाळ आला. त्यावरची मोरी पावसाने निम्मी खाल्ली होती. मागचे सगळे अजून लांब चिखलात कण्हत होते. सहदेवने नामाचं स्मरण केलं, उतरला, निळी सायकल खांद्यावर टाकली आणि गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेला. आता बसायचं. पण पुढेही चिखलच! मग काय, सायकल खांद्यावरच ठेवून तो भाताच्या बांधावरून धावत सुटला.

शेतात कापणी चालली होती. बायका, बाप्ये वाकून भात कापत होते. त्यांत गावची रंगूबाई होती. वय सत्तरीचं, आवाज पंचविशीचा! तिने घाम पुसायला मान वर केली आणि बघितलं, तर चिखलाने माखलेला एक परका माणूस फॉरेनची दिसणारी सायकल खांद्यावर मारून जीव खाऊन पळतोय!

आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पंधरा दिवसांपूर्वीच गावातली एक सायकल चोरीला गेली होती. सायकलीला कुलूप होतं, त्यामुळे चालवणं शक्य नव्हतं. चोर ती खांद्यावर टाकून पळाला होता. मग गावकऱ्यांनी दुसरं काय समजावं? चालणारी सायकल कोण उचलून नेईल?

"आरं धरा रं त्याला! धरा!" रंगूबाई कडाडली.

सहदेवला एवढंच ऐकू आलं, "...रा रं! ...रा!" त्याने मान वळवली. सगळं शेत उभं राहून हात हलवत होतं. कुणाकुणाच्या हातात विळे चमकत होते. त्याला नामाचे शब्द आठवले. हजार माणसं, नुसती बोंबाबोंब! अँटवर्पला काय, मानपाड्याला काय, जनता सगळीकडे सारखीच! त्याने मोकळा हात उंच करून अभिवादन केलं.

"हात दाखवतोय मेला! हात दाखवतोय!" रंगूबाई चवताळली. "चोर तो चोर, वर आपल्यालाच हात दाखवतोय!"

गाव बांधावरून धावू लागलं. सहदेवला वाटलं, सोबत करतायत! त्याने हसून वेग वाढवला. इतक्यात एक ढेकूळ फाटकन् त्याच्या पाठीत बसलं. दुसरं कानाजवळून गेलं. आणि तिसऱ्याबरोबर स्पष्ट शब्द आला, "चोर!"

त्या क्षणी सहदेवला सगळा उलगडा झाला. थांबून समजावून सांगावं असं त्याच्या मनाला वाटलं, पण पायांचं मत वेगळं होतं. पाय जिंकले. डांबर लागताच त्याने सायकल खाली आपटली, टांग मारली आणि गेटाच्या दिशेने असा सुटला की दौलत बघता तर रेसर विकून टाकता. मागे गावकऱ्यांनी पेंढा भरलेला टेम्पो अडवला आणि रंगूबाईसकट दहा-बाराजण त्यावर चढले.

समोर गेट! आत चुन्याची पांढरी रेघ! रेघेपलीकडे उपम्याच्या बश्या घेतलेली माणसं! आणि पुढे-मागे एकही स्पर्धक नाही. सहदेव पहिला होता, पहिला! पंचवीस पावलं, वीस पावलं...

"चोर हाय! गेट लावा! गेट लावा!" टेम्पोतून रंगूबाईचा आवाज आला.

कारखान्याचा वॉचमन नऊ वर्षांच्या नोकरीत सांगितलेलं काम ताबडतोब करण्याबद्दल कधीच प्रसिद्ध नव्हता. त्या दिवशी मात्र त्याने गेट धाडकन लावलं!

सहदेव ब्रेक दाबत, घसरत गेटाच्या गजांवर जाऊन चिकटला, पाल चिकटावी तसा. दुसऱ्या क्षणी गावाने त्याची कॉलर धरली.

"कुनाची रं ही सायकल?" रंगूबाईने विचारलं.

"माझी... म्हणजे माझी नाही. पण माझीच होणार आहे!"

"ऐका! म्हंजे चोरून झाल्याव त्याचीच व्हनार!" रंगूबाई वाकली. सायकलीचा दांडा हुंगला. तिचे डोळे बारीक झाले. "सुके बोंबील! गरीब कोल्याची सायकल पलवलीस रं मेल्या?"

"हो, कोळ्याचीच आहे! नामाची!"

"कबूल झाला!" टेम्पोतून एकजण ओरडला.

गेटाच्या आतल्या बाजूला कारखान्याचे पर्सोनेल मॅनेजर घाईघाईने आले. "तावडे, हा काय प्रकार आहे? सायकल तुमची आहे की नाही?"

"साहेब, ट्रायलवर आहे!"

"पुढं पोलीस चौकीत बी ट्रायलच हुईल," एक गावकरी म्हणाला.

तेवढ्यात सहदेवला गजांमधून ओळखीची हिरवी साडी दिसली. मंजुळा! हातात उपम्याची बशी घेऊन ती गर्दीतून पुढे येत होती. बुडत्याला काडी नव्हे, अख्खी होडी दिसली!

"मंजू! अगं सांग यांना मी कोण आहे ते!"

"बाई, हे तुमचे मिस्टर?" मॅनेजरनी विचारलं.

मंजुळाने नीट निरखून बघितलं. चिखलाखाली चेहरा शोधायला वेळ लागला. "हो. आमचेच आहेत."

"आणि ही सायकल तुमची?"

"छे!" मंजुळा ताबडतोब म्हणाली. "आमच्याकडे सायकलच नाही!"

सहदेवने डोळे मिटून घेतले.

"आणि हे तर खुर्च्या मांडायला आले होते," मंजुळा पुढे म्हणाली. खरं बोलायची सवय वाईट, सुरू झाली की थांबत नाही.

"चला चौकीला!" गावाने निकाल दिला. सहदेवने गेटाचे गज घट्ट धरले. नोकरी, अब्रू, बायको, सगळं एका निळ्या सायकलीच्या दांड्यावर बोंबलांसारखं लटकत होतं!

इतक्यात रस्त्याच्या वळणावरून दौलत आला. रेसरची दोन्ही चाकं चिखलाने गच्च बसली होती आणि ती खांद्यावर घेऊन तो धापा टाकत धावत होता. त्याला बघताच रंगूबाईने विळा उगारला.

"आनि ह्यो दुसरा!"

दौलतला काही कळायच्या आत दोघांनी त्याला धरलं. त्याच्या मागून तिसरा आला, सायकल खांद्यावर! चौथा आला, सायकल डोक्यावर! मग तर एकामागून एक अशी रांगच लागली. नखशिखांत चिखल माखलेले बाप्ये, आणि प्रत्येकाच्या अंगावर एक एक सायकल!

"आगं बाय!" रंगूबाईच्या हातातला विळा खाली आला. "टोलीच हाय की!"

टोळीच्या शेवटी सायकल नसलेला एकच माणूस होता. तो नामा. उशिरा उठल्यामुळे तो नेमका आत्ता पोचत होता.

"तावडेभाऊ! उचलून पललास का नाय?" तो लांबूनच आनंदाने ओरडला. "बगा, माजी सायकल कशी धावली!"

"तुजी?" रंगूबाई वळली. "तू कोनाचा रं?"

"दिव्याच्या मनुबाईचा, नामा."

"कंची मनुबाई? ती बाजारान सुकट इकते ती?" रंगूबाईचा चेहरा पालटला. "आरं मंग आदी सांगाचा! ती तं माजी मैतरीन! बरी हाय ना तिची कंबर?"

आणि मनुबाईची कंबर, यंदाचं भात, सुकटीचा भाव असं करत करत सगळा मामला पाच मिनिटांत मिटला. सहदेवची कॉलर सोडण्यात आली. एका गावकऱ्याने ती स्वतःच्या हाताने नीटही करून दिली. वॉचमनने गेट उघडलं. पण झालं काय, की आत उपमा आहे हे कुणीतरी बोललं आणि सगळ्यांच्या आधी, हातात विळा घेऊन, चुन्याची पांढरी रेघ ओलांडली ती रंगूबाईने!

मॅनेजर मोठ्या पेचात पडले. सायकलवरून रेघ कुणीच ओलांडली नव्हती. एक जण गेटाला चिकटला होता आणि बाकीचे सायकली वाहून आणत होते. त्यात पुढच्या वर्षी शर्यत पुन्हा याच गावाच्या शेतांतून न्यायची होती. त्यांनी दूरदृष्टी दाखवली आणि पहिलं बक्षीस, म्हणजे लाल रंगाचा थर्मास, टाळ्यांच्या गजरात रंगूबाईच्या हातात ठेवलं.

"ह्यान काय करायचा?" तिने विचारलं.

"आजी, यात चहा ठेवला की गरम राहतो."

"चा ठेवतंय कोन?" रंगूबाई चकित झाली. "चा तं पितात!"

सगळे उपम्याकडे वळले. सहदेव मात्र गेटापाशी सायकल धरून उभा होता. समोर मंजुळा. तिने बशी भिंतीवर ठेवली. आता आपलं काही खरं नाही, हे त्याने ओळखलं. तो सायकलीवरच निजायची मनाची तयारी करू लागला.

"ही चालवतात पण," मंजुळाने थंडपणे विचारलं, "की नुसती उचलायचीच?"

"चालवतात! अगं, अशी चालते ना! डांबरावर हरीण आणि..."

"द्या इकडे."

मंजुळा आंबिवलीची. शाळेत असताना ती थोरल्या भावाची सायकल पळवायची, हे सहदेवला लग्नाला दहा वर्षं होऊनही माहीत नव्हतं. तिने पदर खोचला, साडी जरा वर घेतली, दांड्याखालून पाय घातला आणि कैची मारत कारखान्याच्या आवारात एक फेरी घेतली. मग दुसरी घेतली. तिसऱ्या फेरीला ती हसत होती. उपमा खाणारी माणसं घास हातात धरून बघत राहिली. रंगूबाईने तर थर्मास वर करून "धर! धर!" अशी आरोळी दिली. या वेळी मात्र ती कौतुकाची होती.

"घेऊन टाका ही," उतरल्यावर मंजुळा म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. "बोंबलाचा वास जाईल धुतल्यावर."

सहदेवचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. त्याने त्याच संध्याकाळी नामाशी व्यवहार पुरा केला, सायकल घासूनपुसून जिन्याखाली लावली, आणि उद्या सकाळी हिच्यावरून कामावर कसं ऐटीत शिरायचं, याचा विचार करत झोपी गेला.

सकाळी डबा घेऊन खाली उतरला, तर जिन्याखाली सायकल नव्हती. धाकट्या जावेचा पंजाबी ड्रेस चढवून मंजुळा दूध आणायला गेली होती. दुधानंतर गिरणी. गिरणीनंतर भाजी. संध्याकाळी ती सहज म्हणून पार शीळफाट्यापर्यंत जाऊन आली. दुसऱ्या दिवशी तेच. सहदेवने एकदा विषय काढून पाहिला.

"अगं, मला कामावर जायला..."

"एवढ्याशा अंतरावर तर कारखाना आहे तुमचा! चाललेलं चांगलं असतं प्रकृतीला!"

तर सहदेव पूर्वीसारखाच चालत कारखान्यात जाऊ लागला. तीन आठवडे झाले, तरी निळी सायकल काही कँटीनच्या खिडकीसमोर दिसेना. शेवटी एका दुपारी दौलतने चहाचा घोट घेत विचारलंच, "काय तावडे, सायकल कुठाय?"

"सर्व्हिसिंगला दिलीय," सहदेव वड्याकडे बघत म्हणाला.

"हां, हां! काल संध्याकाळी भाजी मार्केटजवळ बघितलं सर्व्हिसिंग," दौलत म्हणाला. "मी रेसरवर होतो, तरी बाजूने सपकन पुढे निघून गेलं. सॉलिड चालवतात हां वहिनी!"